पुसण्याच्या हुकुमाची तामिली



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय योजला आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींना असे वाटण्याचा संभव आहे की, हा मूठभर तज्ज्ञांच्या आपसातल्या चर्चेचा विषय असून सार्वजनिक व्यासपीठावर तो आणण्याचे काही प्रयोजन नाही. परंतु ज्या काळात बँकेची देवघेव, सरकारदरबारी करावयाचे अर्ज आणि घरातल्या माणसांचा खाजगी पत्रव्यवहार ही सारी कुठल्या तरी गुप्त किल्लीच्या आणि पासवर्डाच्या भरवशावर चालतात, त्या काळात ती किल्ली वापरून झाल्यावर तिचे पुढे काय होते, हा प्रश्न तज्ज्ञांपुरता राहात नाही. प्रश्न अगदी साधा आहे. प्रोग्रामने एक गुप्त मजकूर मेमरीत आणला, त्याचे काम उरकले आणि तो मजकूर पुसून टाकण्याचा हुकूम दिला, तर त्या हुकुमाची तामिली होते का? उत्तर असे आहे की पुष्कळदा होत नाही, आणि त्यात कोणाची लबाडी नसते, कोणाची हलगर्जीही नसते. हुकूम देणाऱ्याने तो चोख लिहिलेला असतो आणि तो गाळणाऱ्यानेही आपल्या कायद्याबाहेर एक पाऊल टाकलेले नसते. असा प्रकार जेथे घडतो तेथे दोष व्यक्तींत न शोधता त्यांच्यामधल्या करारात शोधावा लागतो, आणि तोच शोध आज मला आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

प्रथम प्रत्यक्ष वस्तू पाहू. सी भाषेत लिहिलेले एक छोटे फंक्शन डोळ्यांसमोर आणा. त्यात चौसष्ट बाइटांची एक स्थानिक जागा राखून ठेवली आहे; वापरणाऱ्याने टाइप केलेला पासवर्ड त्या जागेत उतरतो, दुसऱ्या एका फंक्शनकडून त्याची पडताळणी होते, आणि परतण्यापूर्वीच्या अखेरच्या ओळीत ‘मेमसेट’ या नित्याच्या फंक्शनला सांगितलेले असते की, या चौसष्टही बाइटांत शून्य भर. लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य केले आहे. सहकाऱ्याने ते वाचून मान डोलावली आहे. आता हा प्रोग्राम ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारी काटछाट, बंद ठेवून कंपायलरमधून, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनातून, काढला आणि त्याचे असेंब्ली रूप, म्हणजे यंत्राला मिळणाऱ्या सूचनांची यादी, उघडून पाहिले, तर शून्ये भरण्याची कृती तेथे ठळकपणे दिसते. तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, ‘ओ-टू’ या नेहमीच्या पातळीवर, म्हणजे ज्या पातळीवर बहुतेक सारे प्रोग्राम ग्राहकाच्या हाती पडतात त्या पातळीवर, पुन्हा कंपाइल केला, तर पडताळणीच्या ‘कॉल’नंतर स्टॅक पॉइंटर पूर्वस्थितीवर आणणारी एक सूचना आणि तिच्या पाठोपाठ परतीची ‘रेट’, एवढेच काय ते उरते. मधली ओळ नाहीशी झालेली असते. कंपायलरने इशारा दिलेला नसतो, चाचण्या पूर्वीसारख्याच उत्तीर्ण होतात, आणि पासवर्ड स्टॅक नावाच्या स्थानिक जागांच्या मेमरीत, दुसरे एखादे फंक्शन योगायोगाने त्याच जागेवर काही लिहीपर्यंत, जसाच्या तसा पडून राहतो.

असे का व्हावे? कंपायलरचा युक्तिवाद ऐकून घेतला तर तो निरुत्तर करणारा आहे. ही जागा स्थानिक आहे. फंक्शन परतताच तिचे आयुष्य संपते. त्यानंतर कोणत्याही कायदेशीर प्रोग्रामला ती वाचता येत नाही. म्हणून शेवटी लिहिलेली शून्ये कोणीही कधीही वाचणार नाही. आणि जे कोणी वाचणार नाही ते लिहिण्यात वेळ का दवडावा? दप्तरखान्यातल्या कारकुनाला ‘हे पान काळजीपूर्वक खोड आणि मग रद्दीत टाक’ असे फर्मावले, तर हुशार कारकून खोडण्याचे श्रम वाचवून पान सरळ रद्दीत टाकील, कारण रद्दीतले पान वाचावयाचे नाही असा दप्तराचा नियमच आहे. रद्दी उपसून वाचणारा चोर त्या नियमाच्या पुस्तकात कोठेही आलेला नसतो.

या काटकसरीचा इतिहास जवळजवळ कंपायलरइतकाच जुना आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रानचा कंपायलर सिद्ध केला, तेव्हा त्यांना एकच धास्ती होती: यंत्राने तयार केलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या वेगाला पोचला नाही, तर ही नवी भाषा कोणी हाती धरणार नाही. म्हणून अनावश्यक काम गाळण्याची विद्या कंपायलरच्या बालपणीच त्याच्या अंगी आली. पुढे त्याच कंपनीतील फ्रान्सेस ॲलन यांनी या विद्येला शास्त्राचे रूप दिले. १९७१ साली जॉन कॉक यांच्यासह त्यांनी अशा रूपांतरांची एक पद्धतशीर सूचीच प्रसिद्ध केली, आणि २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळून त्या तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. या शास्त्रातले एक मूलभूत गणित असे की, प्रोग्रामच्या प्रत्येक बिंदूवर कोणते मूल्य ‘जिवंत’ आहे, म्हणजे पुढे वाचले जाण्याचा संभव आहे, आणि कोणते ‘मृत’ आहे, हे शेवटाकडून आरंभाकडे हिशेब करीत ठरवावयाचे. या गणिताचे अध्ययन आपल्याकडेही थोर परंपरेने चालते: पवईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासमवेत डेटा फ्लो ॲनालिसिसवर लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. मृत मूल्य लिहिणारी सूचना गाळणे हा त्या शास्त्राचा अगदी सरळ उपसिद्धांत होय. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे बेरजेविरुद्ध तक्रार करणे आहे.

तथापि बेरीज कशाकशाची करावयाची, हे गणित ठरवीत नाही. ते करार ठरवतो. सी भाषेचा करार म्हणजे तिचे प्रमाणपत्रक (‘स्टँडर्ड’), जे अमेरिकेत १९८९ साली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९० साली संमत झाले. त्या करारात एक काल्पनिक यंत्र वर्णिलेले आहे, आणि कंपायलरवर बंधन एवढेच आहे की, त्याने निर्माण केलेल्या प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वर्तन त्या काल्पनिक यंत्राच्या वर्तनाशी जुळावे. बाहेरून दिसणारे म्हणजे काय, हेही तेथे सांगितले आहे: फाइलींत जे लिहिले जाते ते, वापरणाऱ्याशी जी देवघेव होते ती, आणि ‘व्होलाटाइल’ म्हणून, म्हणजे जिचे प्रत्येक वाचन-लेखन प्रत्यक्षात झालेच पाहिजे अशी म्हणून, घोषित केलेल्या जागांशी होणारा व्यवहार. या तिन्हींत कोठेही फरक पडत नसेल, तर आतल्या आत वाटेल ती उलथापालथ करण्याची मुभा कंपायलरला आहे. आता पाहा की, गुप्तता ही वस्तू या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. मेमरीत किल्ली उरली काय किंवा पुसली गेली काय, प्रोग्रामचे उत्तर तेच येते, फाइल तीच लिहिली जाते, पडद्यावर अक्षरे तीच उमटतात. ज्या भाषेच्या करारात गोपनीयतेला नाव नाही, त्या भाषेत ‘पूस’ या शब्दाचा अर्थ ‘शून्य लिही’ एवढाच राहतो, आणि ‘शून्य लिही’ हा हुकूम पुढे वाचणारा कोणी नसेल तर निरर्थक ठरतो. माझ्या मते साऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे. बाकीचा इतिहास हा या एका उणिवेभोवती घातलेल्या प्रदक्षिणांचा इतिहास आहे.

या उणिवेवर रीतसर फिर्यादही दाखल झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कंपायलरच्या दोषनोंदवहीत ८५३७ क्रमांकाची नोंद झाली. सुरक्षेसाठी आवश्यक असलेला कोड ऑप्टिमायझर काढून टाकतो, अशा आशयाचे तिचे शीर्षक होते. निवाडा थोडक्यात असा झाला की, फिर्याद अवैध आहे. प्रमाणपत्रकाप्रमाणे कंपायलरचे वागणे बिनचूक असून फिर्यादीला जागा पुसलेली हवी असेल तर त्याने ‘व्होलाटाइल’चा आश्रय करावा. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या मायकेल हॉवर्ड यांनीही आपल्या लेखातून प्रोग्रामरांना याच धोक्याची जाहीर जाणीव करून दिली होती, म्हणजे हे दुखणे एका कंपायलरचे नव्हते. जीसीसीच्या निवाड्यावर पुष्कळांनी पुढे टीका केली. मला विचाराल तर निवाडा कायद्याला धरून होता, आणि तेवढ्याच प्रमाणात आखूड होता. कंपायलरने प्रत्येक मेमसेटकडे संशयाने पाहून तो राखावा असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण बहुतेक मेमसेट गुप्तता राखण्यासाठी लिहिलेले नसतात. परंतु ज्या संस्थेपुढे करारातली उणीव इतक्या स्पष्टपणे मांडली गेली, तिने फिर्यादीला वाटेला लावून स्वस्थ बसावे, हेही शोभणारे नव्हते.

कोणी विचारील की, मेमरीत उरलेल्या चार बाइटांनी असे काय बिघडते. ती वाचावयाला तेथे जातो कोण? ७ एप्रिल २०१४ रोजी या प्रश्नाला उत्तर मिळाले. ओपनएसएसएल या, जगातील फार मोठ्या संख्येच्या वेबसर्व्हरांनी वापरलेल्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाने ओळखला जाणारा दोष त्या दिवशी जाहीर झाला. दोष क्षुल्लक होता: पलीकडच्या यंत्राने ‘मी पाठवलेला मजकूर इतक्या लांबीचा आहे, तो मला परत पाठव’ असे म्हटले, तर ती लांबी खरी आहे की खोटी याची तपासणी केली जात नव्हती. परिणाम असा की, एका मागणीसरशी चौसष्ट किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी, तिच्यात जे काही पडलेले असेल त्यासह, मागणाऱ्याच्या स्वाधीन होत असे. आणि ही मागणी हवी तितक्या वेळा करता येत असे, मागे खूण न ठेवता. खाजगी किल्ली अशा रीतीने खरोखर बाहेर काढता येईल का, याविषयी आरंभी मतभेद होते. क्लाउडफ्लेअर कंपनीने मुद्दाम एक सर्व्हर उघडा ठेवून तसे आव्हान दिले, तेव्हा काही तासांतच ती काढून दाखवण्यात आली. चालू वापरातली किल्ली पुसून टाकता येत नाही, ती हाताशी असावीच लागते, हे मान्य. पण काम संपलेल्या आणि विसरलेल्या नकला मेमरीत इतस्ततः विखुरलेल्या असणे हे कोणत्याही हिशेबाने आवश्यक नव्हते.

विजेचा प्रवाह तोडला की मेमरी कोरी होते, ही समजूतही २००८ साली मोडीत निघाली. प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलेक्स हॅल्डरमन प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले की, रॅमच्या चिपा थंड केल्या तर वीज गेल्यावरही त्यांतील मजकूर टिकून राहतो. धूळ झाडण्यासाठी विकला जाणारा हवेचा साधा डबा उलटा धरून फवारला की चिप शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास जाते, आणि त्या तापमानाला दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बिघडलेले आढळले. एवढ्या अवधीत चिप काढून दुसऱ्या यंत्रात बसवणे कोणालाही शक्य आहे. रद्दी वाचणारा चोर कल्पनेतला नव्हता.

तेव्हा उपाय योजणे भाग होते, आणि उपायांची जी परंपरा निर्माण झाली ती पाहताना कौतुक आणि खेद ही दोन्ही मनात येतात. प्रोग्रामर कंपायलरला फसवू लागला. कोणी पुसण्याचे फंक्शन वेगळ्या फाइलीत ठेवले, म्हणजे कंपायलरला त्याच्या पोटात काय आहे ते कळू नये. पण पुढे जोडणीच्या वेळीही ऑप्टिमायझेशन करणारी साधने आली आणि फाइलींची ही भिंत पारदर्शक झाली. कोणी जागेकडे ‘व्होलाटाइल’ पॉइंटरमधून पाहू लागला; परंतु करारातील शब्द ‘व्होलाटाइल’ जागेविषयी होते, साध्या जागेकडे ‘व्होलाटाइल’ नजरेने पाहण्याविषयी नव्हते, आणि या भेदावर वकिली वाद घालण्यास पुष्कळ अवसर होता, जरी प्रत्यक्षात बहुतेक कंपायलरांनी ती नजर मानली. ओपनएसएसएलने मेमसेटचा पत्ताच एका ‘व्होलाटाइल’ पॉइंटरमध्ये ठेवला, म्हणजे तेथून नेमके कोणाला बोलावले जाणार हे कंपायलरला आधी ठरवता येऊ नये. लिनक्स कर्नेलमध्ये २०१४ साली ‘मेमझिरो-एक्स्प्लिसिट’ आले. त्यात मेमसेटच्या मागे असेंब्लीचा एक अडसर उभा केला होता. आणि वर्षाच्या आत तो अडसर पुरेसा भक्कम नाही असे आढळून त्याची दुरुस्ती करावी लागली. कर्नेलचे कर्ते ही जगातील निष्णात मंडळी. त्यांची ही गत, तर सामान्य कंपनीतल्या प्रोग्रामरने काय करावे? २०१७ साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित झाओमो यांग आणि सहकाऱ्यांनी सुरक्षेसाठी नावाजलेल्या प्रकल्पांतले असे उपाय तपासले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी उपाय योजलेला असूनही तो सर्व परिस्थितीत टिकेल असा नव्हता. कंपायलर दरवर्षी अधिक शहाणा होतो. म्हणून त्याच्या आजच्या अज्ञानावर उभारलेली सुरक्षा उद्याच्या आवृत्तीला निरुपयोगी होते.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे हेतूला नाव देणे. विंडोजने ‘सिक्युअर-झिरो-मेमरी’ दिले; ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१४ साली ‘एक्स्प्लिसिट-बीझिरो’ दिले, आणि लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या सी-लायब्ररीने ते फेब्रुवारी २०१७ च्या २.२५ आवृत्तीत स्वीकारले. भाषेच्या करारातही एक प्रयत्न २०११ साली झाला होता. त्या वर्षीच्या प्रमाणपत्रकाला जोडलेल्या ‘के’ या परिशिष्टात ‘मेमसेट-एस’ नावाचे फंक्शन आले, आणि त्याच्या व्याख्येत कंपायलरला बजावले होते की, ही जागा पुढे कोणीतरी वाचू शकेल असे गृहीत धरूनच चालावे. रद्दी वाचणाऱ्या चोराला कायद्याच्या पुस्तकात मिळालेली ही पहिली जागा होय, आणि मला ते वाक्य त्या सबंध प्रमाणपत्रकातले सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले वाक्य वाटते. परंतु ते परिशिष्ट ऐच्छिक होते. जीलिबसीने ते घेतलेच नाही. आणि ऐच्छिक कायद्यावर विसंबून कोणी घर बांधीत नाही.

येथे एक विलक्षण विपर्यास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि जीलिबसीच्या अधिकृत पुस्तिकेतही त्याविषयी सावधगिरीची सूचना दिलेली आहे. एखादी लहान किल्ली कंपायलरने सबंध वेळ प्रोसेसरच्या रजिस्टरांत ठेवली असती, तिला मेमरीत उतरवलेच नसते. पण आपण पुसण्याच्या फंक्शनला तिचा पत्ता दिला, आणि पत्ता द्यावयाचा तर ती वस्तू मेमरीत असावी लागते, म्हणून कंपायलरने तिच्यासाठी मेमरीत जागा निर्माण केली आणि ती जागा इमानेइतबारे पुसली. रजिस्टरांतील मूळ प्रत राहिली ती राहिलीच! पुसण्याच्या हुकुमानेच नक्कल जन्माला यावी, याहून मोठा उपरोध कोणता? २०१४ साली सुरक्षातज्ज्ञ कॉलिन पर्सिव्हल यांनी याच अंगाने अधिक मूलगामी आक्षेप घेतला: आपण नाव घेऊन पुसतो ती जागा तेवढी आपल्याला ठाऊक असते, पण कंपायलर मध्यंतरी मूल्ये स्टॅकवर ठेवतो, रजिस्टरांतून हलवतो, एईएस या कूटलेखनपद्धतीसाठी प्रोसेसरमध्ये असलेल्या विशेष सूचना वापरल्या तर किल्लीचे अंश रुंद रजिस्टरांत रेंगाळतात, आणि यांपैकी एकाही नकलेला सी भाषेत नाव नाही. ज्याला नाव नाही त्याला पुसण्याचा हुकूम लिहिणार कसा? त्यांचा निष्कर्ष, जो मला अबाधित वाटतो, असा की, भाषेच्या आणि कंपायलरच्या साहाय्यावाचून हे काम पुरे होणारच नाही.

ते साहाय्य आता थोडेथोडे मिळू लागले आहे. जीसीसीच्या ११ व्या आवृत्तीपासून फंक्शन परतताना वापरलेली रजिस्टरे शून्य करण्याची सोय आहे. २०२४ सालच्या १४ व्या आवृत्तीत फंक्शनने वापरलेला स्टॅक घासून पुसण्याची सोय आली. ज्या कंपायलरच्या वहीत फिर्याद अवैध ठरली होती त्याच कंपायलरने ही तजवीज करावी, याची नोंद न्यायबुद्धीने घेतली पाहिजे. इतर भाषांविषयी फार बोलण्याजोगे नाही. जावामध्ये पासवर्ड स्ट्रिंगमध्ये ठेवू नये, अक्षरांच्या ॲरेत ठेवावा, कारण स्ट्रिंग बदलताच येत नाही, असा संकेत जुना आहे. परंतु कचरा गोळा करणारी यंत्रणा वस्तू इकडून तिकडे हलवते तेव्हा मागे राहिलेल्या प्रतीवर प्रोग्रामरचा अधिकार चालत नाही. रस्टमध्ये ‘झिरोआइझ’ नावाचे चांगले पॅकेज आहे. याशिवाय मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवणारे स्वॅप, प्रोग्राम कोसळताना पडणारा कोअर डंप आणि लॅपटॉपची हायबरनेशन फाइल या वाटा आहेतच, आणि त्यांचा बंदोबस्त कंपायलरने नव्हे तर ऑपरेटिंग सिस्टिमने करावयाचा आहे.

आणि अखेर मूळ करारातही दुरुस्ती झाली. सी२३ या नावाने ओळखले जाणारे, २०२४ साली प्रसिद्ध झालेले नवे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रक ‘मेमसेट-एक्स्प्लिसिट’ हे फंक्शन मुख्य भागात घेते, ऐच्छिक परिशिष्टात नव्हे, आणि गोपनीय मजकूर दुर्गम करणे हा त्याचा हेतू असल्याचे तेथे शब्दांत लिहिलेले आहे. नकलांचा प्रश्न ते सोडवीत नाही. तसा दावाही करीत नाही. पण पहिल्या प्रमाणपत्रकापासून पस्तीस वर्षांनी का होईना, विसरण्याचा हुकूम हा हुकूम म्हणून ओळखला गेला, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

या सभेत अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापक आहेत, आणि पुण्यामुंबईच्या कंपन्यांत ज्यांचा कोड लक्षावधी लोकांचे पासवर्ड हाताळतो असे तरुणही आहेत. अध्यापकांना माझी विनंती आहे की, सी भाषा शिकवताना तो चौसष्ट बाइटांचा प्रोग्राम विद्यार्थ्यांकडून एकदा दोन्ही पातळ्यांवर कंपाइल करून घ्यावा आणि दोन्ही असेंब्ली त्यांच्यासमोर शेजारीशेजारी ठेवाव्यात. भाषेचा करार आणि आपला हेतू यांतले अंतर दाखवणारा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. आणि तरुण मित्रांनो, तुमच्या कोडमध्ये गुप्त मजकुरावर चालवलेला साधा मेमसेट जेथे जेथे असेल तेथे तेथे तो काढून त्याच्या जागी तुमच्या प्रणालीने याच कामासाठी दिलेले फंक्शन घाला, आणि कंपायलरची आवृत्ती बदलली की असेंब्ली पुन्हा उघडून पाहा.